ठिपकेसरांची गर्दी

परवा कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. कुठल्याशा यात्रेच्या नियोजनाची बैठक, लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध 'गर्दीतज्ज्ञ' अशी पाटी पुढ्यात घेऊन बसलेले आमचे सर. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. शेजारी बसायला कुणी आलं नव्हतं का, असं खाली एकानं विचारलं होतं. आलं असणार, पण सरांनी उठवलं असणार. प्रत्येक माणसाभोवती हातभर अंतराचं एक न दिसणारं वर्तुळ असतं आणि त्यात न विचारता शिरणं ही मानसिक हिंसा आहे, असं त्यांचं मत होतं. हे मत ते शिरूर-दौंड एसटीतसुद्धा पाळायला बघायचे. त्यामुळे शनिवारी दुपारी घरी जायला निघालेला हा माणूस संध्याकाळपर्यंत स्टँडवरच उभा दिसायचा.

मी शिरूरच्या कॉलेजात भूगोल शिकवते. ते मानसशास्त्र शिकवायचे. घर दौंडला, बायको-मुलं तिकडंच, आणि आठवडाभर मुक्काम शिरूरला. पोटासाठी शिकवत होते एवढंच, खरा जीव पीएचडीत अडकला होता. विषय होता, गर्दीत चालणारी माणसं कशी वागतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक खोली असायची, खोलीला एक दार, आणि खोलीभर ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. बटण दाबलं की सगळे ठिपके दाराकडे सरकायला लागायचे, एकमेकांना ढकलायचे, दारात तुंबायचे, आणि सर गालावर हात ठेवून तासन्‌तास ते बघत बसायचे. शेतकरी उभ्या पिकाकडेही इतक्या प्रेमानं बघत नाही. पोरांनी त्यांचं नाव ठिपकेसर ठेवलं. ते आडनावासारखं इतकं चपखल बसलं, की एकदा एका पालकानं अर्जावर 'श्री. ठिपके सर यांस' असंच लिहून आणलं.

त्यांचं म्हणणं असं, की गर्दीतला माणूस चार गोष्टींनी चालतो. घाई, भीती, लाज आणि अनुकरण. या चौघींना शून्य ते दहा असे गुण दिले की तो माणूस पुढे काय करणार ते आधीच सांगता येतं. आणि गुण ते सगळ्यांना द्यायचे. ओळख झाली की नाव विचारायच्या आधी आकडे. मला पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, तुमची लाज साडेतीन." शेजारच्या मराठीच्या बाईंना आठ मिळाले होते. त्या आठवडाभर माझ्याकडे जरा वरूनच बघत होत्या.

स्टाफरूमचं दार अरुंद होतं आणि घंटा झाली की तिथं रेटारेटी व्हायची. सरांचा एक लाडका सिद्धांत होता. दारासमोर, थोडं एका बाजूला, काहीतरी अडथळा उभा केला की गर्दी दारात तुंबत नाही. ती अडथळ्यापाशीच दोन वाटांनी फुटते आणि सुरळीत बाहेर पडते. एके सकाळी आम्ही आलो तर लोखंडी कपाट दारासमोर आणून उभं केलेलं. गर्दी खरंच कमी झाली, कारण निम्मे लोक खिडकीतूनच शिपायाला हाक मारून पुस्तकं मागवायला लागले. प्राचार्यांचा गुडघा दोनदा कपाटावर आपटला तेव्हा कपाट परत भिंतीला गेलं. सरांनी वहीत लिहिलं, 'संस्थेकडून असहकार'.

रविवारी दौंडला गेलं की घरचे म्हणायचे, बाजारात चला. हे पिशवी घेऊन निघायचे आणि स्टेशनच्या पुलावर जाऊन थांबायचे. गाडी आली की कोण कुठल्या बाजूनं उतरतं, कोण कुणाच्या मागे जातं, ते बघत बसायचे. रिकामी पिशवी घेऊन दर रविवारी पुलावर थांबणारा आणि बायकामाणसांकडे टक लावून बघणारा माणूस पोलिसांच्या डोळ्यात भरणारच. एका हवालदारानं धरून नेलं. तो किस्सा सर स्वतःच सांगायचे, आणि तोही अभिमानानं.

"काय करता तिथं?" हवालदारानं विचारलं.

"लोकांच्या मनाचा अभ्यास करतो."

"कुनी सांगितलंय?"

"विद्यापीठानं."

विद्यापीठाचं नाव ऐकून हवालदार जरा नरमला. मग सरांनी त्याला चार गुण समजावून सांगितले. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझी भीती किती भरंल?"

सरांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "चार."

"चार लिव्हू नका. साहेबांनी बघितलं तर? शून्य लिव्हा."

आणि सरांनी शून्य लिहिलं. हे सांगताना ते हसायचे. मी म्हटलं, सर, मग तो आकडा खोटाच झाला की. तर म्हणाले, "एका हवालदारानं मॉडेलला काय फरक पडतो?" आम्हीही हसलो आणि चहा मागवला.

शिरूरला ते राहायचे माझ्या चुलतीकडे. तिला सगळे आक्का म्हणतात. नवरा गेल्यावर तिनं घराच्या वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या. बाकीच्या खोल्यांत कारखान्यात जाणारी बिहारची पोरं होती, एका खोलीत सर. आक्काला माणसांची आवड आणि सरांना अंतराची, त्यामुळे दोघांचं रोज वाजायचं. ती जिन्यात आडवी येऊन विचारायची, "सर, भाकरी टाकू का?" आणि सर दोन पायऱ्या मागे सरकून म्हणायचे, "आक्का, तुमची घाई नऊ." ती म्हणायची, "घाई न्हाई वो, तवा तापलाय." पण भाकरी वर जायची. सर आजारी पडले तेव्हा तीन दिवस पेज घेऊन तीच चढत होती, आणि हे तापातही तिला वर्तुळाबाहेर उभ्या राहा म्हणून हात हलवत होते.

याच आक्काचा हात एका वर्षी गावच्या यात्रेत मोडला होता. आमचं गाव शिरूरजवळच, घोडनदीच्या काठी. गावच्या भैरोबाची चैत्रात यात्रा भरते. देवळात शिरायला दार मोठं, पण दर्शन झाल्यावर बाहेर पडायचं ते आवाराच्या दक्षिणेकडच्या बारीक दरवाज्यानं. दरवर्षी तिथं चेंगरायचं. त्या वर्षी आक्का चौकटीला दाबली गेली आणि मनगट मोडलं. पोलिसांनी यात्रा कमिटीला बजावलं, की पुन्हा कुणाला लागलं तर पुढच्या वर्षी देऊळ कुलपात. कमिटीचे अध्यक्ष आबा, म्हणजे माझे चुलत चुलते, तेव्हापासून झोपले नव्हते.

इकडं सरही झोपत नव्हते. पीएचडीची मुदत किती वेळा वाढवून घेतली होती ते त्यांनाच माहीत. ही शेवटची. गाईडनी सांगितलं होतं, ठिपके पुष्कळ झाले, आता एकदा खऱ्या माणसांवर दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. खरी गर्दी त्यांना हवी होती आणि आबांना गर्दीवर औषध. दोघांची गाठ मीच घालून दिली, कारण देवळाच्या आवाराचा नकाशा माझ्याकडे होता.

सरांनी पारावर बसून सिद्धांत मांडला. दक्षिण दरवाज्यासमोर आतल्या बाजूला एक खांब.

आबा म्हणाले, "दारात खांब? आधीच दार बारीक हाय."

"आबा, पाभरीच्या चाड्यात ज्वारी तुंबली की काय करता?"

"बोट घालतो."

"मग? हा खांब म्हणजे तुमचं बोट."

पेरणी करताना चाड्यात दाणे अडकतात आणि बोट घातलं की खाली सरकतात, हे आबांनी जन्मभर केलेलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. "ह्यो मानूस शिकल्यालाबी हाय आन् शाना बी हाय," असं सगळ्यांना सांगितलं. मला पहिल्यांदाच सरांचं कौतुक वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ठिपक्यांऐवजी समोरच्या माणसाच्या भाषेत काही सांगितलं होतं.

पिंपात सिमेंट ओतून त्यात लोखंडी पाइप उभा केला. सर म्हणाले, लांबून ठळक दिसला पाहिजे. गावातल्या पोरांकडे देवळाला दिलेल्या रंगातला थोडा उरला होता, तो पिंपाला आणि पाइपाला मारला. रंग शेंदरी. सरांनी लांबून बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "उत्तम."

आता आमच्याकडे एक रीत आहे. नवीन काही उभं राहिलं की त्याला नारळ फोडल्याशिवाय चालू करत नाहीत. बोअर घेतला, नारळ. ट्रॅक्टर आणला, नारळ. झेडपीच्या शाळेला संडास बांधला तेव्हाही सरपंचांनी दारात नारळ फोडला होता. यात्रेच्या सकाळी आबा अंघोळ करून आले, पाइपापुढे नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, दोन उदबत्त्या खोचल्या आणि कामाला गेले. आबांच्या जागी आमच्या गावातला दुसरा कुणीही असता तरी त्यानं हेच केलं असतं. सर तेव्हा समोरच्या शाळेच्या गच्चीवर कॅमेरा लावत होते, तिथून देवळाचं उघडं आवार आतपर्यंत दिसायचं. मी त्यांच्या शेजारी, म्हणजे वर्तुळाबाहेर, छत्री धरून उभी होते.

पहिली माणसं दर्शन घेऊन दक्षिणेकडे आली. समोर शेंदरी गोल पिंप, वर कुंकू, खाली फुटका नारळ. पहिली बाई थांबली, वाकली, हात कपाळाला लावला आणि पुढे गेली. मागच्या चौघींनी तेच केलं. मग कुणीतरी प्रदक्षिणा घातली.

"बघा," सर मला म्हणाले, "अनुकरण! शुद्ध अनुकरण. मी म्हणत होतो ना?"

ते खरोखर आनंदले होते. त्यांचा सिद्धांत डोळ्यांसमोर खरा होत होता आणि त्यानंच दार बंद होत होतं, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. बायका गुलाल टाकायला लागल्या. एकानं सोबतचा नारळ तिथंच आपटला. मोठ्या दारातून माणसं येतच होती, कारण पुढे नवा देव उभा राहिलाय हे बाहेरच्यांना माहीत नव्हतं. आवारात माणूस माणसाला चिकटला. एका लहान मुलाच्या रडण्याचा आवाज गच्चीपर्यंत आला. सरांचा चेहरा पडला. मुदत, गाईड, पदवी, सगळं त्या पिंपापाशी अडकलं होतं. आणि आक्का आत होती. मागच्या वर्षी हात मोडला त्याच दारातून यंदा धडधाकट बाहेर पडून दाखवणार, असा तिचा हट्ट होता.

सर धावत खाली गेले आणि दक्षिण दरवाज्यानं उलटे आत घुसले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस दुसऱ्यांच्या वर्तुळात शिरत होता, तेही कोपरं मारत. पाइपाला कवटाळून ते ओरडले, "हा देव नाही! हा फक्त पाइप आहे!"

"मग नारळ कुनी फोडला?" एका बाईनं विचारलं.

सर काहीतरी सांगायला वळले, पाय नारळाच्या पाण्यावरून सटकला आणि ते खाली गेले. वरून मला ते दिसेनासे झाले. अशा गर्दीत खाली गेलेला माणूस वर येत नाही, हे त्यांनीच मला ठिपक्यांवर कितीदा दाखवलं होतं. एक ठिपका पडला की मागचे त्याच्यावरून जातात.

पण मागचे गेले नाहीत. आक्काकडे भाड्यानं राहणारा बिहारचा एक पोरगा जवळ होता, त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "रुको, रुको, आदमी गिरा है." ते शेजारच्या म्हाताऱ्यानं उचललं आणि मागे दिलं. "थांबा, मानूस पडलाय." मग त्याच्या मागच्यानं. ते वाक्य देवळातून मागे मागे जात राहिलं. ज्यांना काही दिसत नव्हतं त्यांनी विचारलंसुद्धा नाही कोण पडलंय, नुसतं मागच्याला सांगितलं आणि एक पाऊल मागे टाकलं. पिवळा फेटा बांधलेल्या एका मेंढपाळानं दोन्ही हात भिंतीला टेकवले आणि सगळा रेटा पाठीवर घेतला. आणि मोकळ्या झालेल्या त्या तेवढ्याशा जागेत आक्का वाकली, मोडून जुळलेल्या हातानंच सरांची कॉलर धरली आणि ओढून बसतं केलं. मला रडू आलं. मी गच्चीवर एकटी होते, लाजायचं कारण नव्हतं.

बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून सरांना पिंपावरच बसवलं. तोंड गुलालानं माखलेलं, पाठीशी शेंदरी पाइप. मागून आलेल्या एका म्हातारीनं मोठ्या भक्तिभावानं त्यांच्या पायांना हात लावला. मग माणसं हळूहळू बाहेर पडली. कुणाला खरचटलंही नाही. आबांनी संध्याकाळी पाइप काढायला सांगितला, तर गावातल्या बायका म्हणाल्या, कुंकू लावलेलं काढायचं नाही. शेवटी तो वाजतगाजत शाळेच्या कोपऱ्यात नेऊन बसवला. पुढच्या वर्षी दक्षिणेचं दार गवंड्याकडून रुंद करून घेतलं. एवढं सोपं काम होतं, पण त्यात सिद्धांत नव्हता.

दोन दिवसांनी आम्ही ते चित्रण कॉम्प्युटरवर बघितलं. सर पडतात, वाक्य मागे जातं, माणसं थांबतात, सगळं त्यात होतं. मी म्हटलं, "सर, हेच लिहा. याहून चांगला प्रबंध काय असणार?"

सरांनी चित्र तिथंच थांबवलं. "हे वगळावं लागेल."

"का?"

"मॉडेलमधले ठिपके थांबत नाहीत, मागे सरकत नाहीत. एकमेकांना काही सांगत नाहीत."

"म्हणजे मॉडेल चुकलं."

"मॉडेल चुकत नसतं, मॅडम. माणसं अपवाद करतात." आणि त्यांनी तो भाग कापला. मी समोर बसलेली असताना, शांतपणे, नख कापावं तसा. मला राग आला, तो अजून आहे. तुम्हाला ज्यांनी जिवंत ठेवलं त्यांना तुम्ही अपवाद म्हणता, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले. त्यांनी माझी घाई सात लिहिली.

पुण्याला त्यांची तोंडी परीक्षा होती. ती सगळ्यांसाठी खुली असते. आक्का म्हणाली, "सर पडले तवापासनं ते आपलेच झाले," आणि नवं लुगडं नेसून, पेढ्याचा बॉक्स घेऊन माझ्याबरोबर आली. सरांनी छान मांडणी केली. अनुकरणाचा भाग तर परीक्षकांना फारच आवडला. मग एक परीक्षक म्हणाले, "तुमच्या यात्रेच्या निरीक्षणात मध्येच काही वेळ नोंदच नाही. तेव्हा काय झालं होतं?"

सरांनी आमच्याकडे बघितलं. मग परीक्षकांकडे. "कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती, सर."

परीक्षकांनी मान हलवली. शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का? असं विचारल्यावर कुणी काही विचारत नसतं. आक्कानं हात वर केला आणि उभी राहिली.

"बॅटरी संपली तवा म्या ह्यांची कॉलर धरली हुती," ती म्हणाली. "मागच्यांनी बी लई सांभाळून घेतलं. ते ह्या पुस्तकात कुठं हाय, येवढंच इच्यारायचंय."

सगळे सरांकडे बघायला लागले. सर एक पाऊल मागे सरकले. मला वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल. ते बोलले, आणि फार मऊ आवाजात बोलले. "या माझ्या घरमालकीण. त्याच दारात त्यांचा हात मोडला होता. असा धक्का बसला की मन आपल्या सोयीच्या आठवणी तयार करतं. यावर प्रकरण तीनमध्ये लिहिलंय."

परीक्षकांनी आक्काकडे कणवभरल्या नजरेनं पाहिलं. त्यांच्यातल्या एकीनं तिला पाण्याची बाटली दिली. आक्का खाली बसली. थोड्या वेळानं सर डॉक्टर झाले आणि टाळ्या वाजल्या.

बाहेर जिन्यापाशी त्यांनी आम्हाला गाठलं. आसपास कुणी नाही हे बघून ते आक्काच्या पाया पडले. "रागावू नका, आक्का. ते कबूल केलं असतं तर सगळं गेलं असतं. इतकी वर्षं..."

"न्हाई रागावले," आक्का म्हणाली. तिनं त्यांच्या कॉलरची घडी सारखी केली, आणि सर मागे सरकले नाहीत. "पुढच्या येळंला पडलात तरी धरीनच की मी. तेवढी बॅटरी मातुर भरून आना."

मग पेढ्याचा बॉक्स त्यांच्या हातात देऊन ती कठड्याला धरून जिना उतरायला लागली.